गोजाबाईंच्या दंडातली आई

महाळुंग्याच्या गोजाबाई चाकणच्या कांदाबाजारात गोण्यांची तोंडं शिवत. मी तिथल्याच एका आडतीत कारकून होतो. ही १९५७ च्या सुमाराची गोष्ट. शिवणकाम सहसा पुरुषांकडे असे, पण गोजाबाईंनी शिवलेली गोणी मुंबईला उतरेपर्यंत उसवत नसे, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. त्या डावखुऱ्या होत्या. दाभण त्यांच्या डाव्या हातात इतका झपाट्याने फिरे की गोणी भरणारे हमाल मागे पडत.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या हातून दाभण गळू लागला. आधी त्यांनी सुतळीला दोष दिला, मग थंडीला. पुढे अंगठ्याजवळचा उंचवटा बसून तिथे खळगा पडला. दुखत काहीच नव्हते. चुलीचा चटकाही पूर्वीसारखाच बसे. नुसती पकड चालली होती. आणि दंडाचे मांस आपोआप उडू लागले, कातडीखाली मासोळी फिरावी तसे.

सासू कौशल्याबाईंनी ते पाहिले आणि दंडाला हळदकुंकू लावले. बाईचे डावे अंग लवणे शुभ, हे आमच्याकडे सगळेच मानतात. हे तर लवायचे थांबतच नव्हते. यमाई देवीच अंगात आली, असे ठरले. मंगळवारी बायका नारळ घेऊन येऊ लागल्या. एरवी "ए गोजे, हात चालव" म्हणून ओरडणारा मुकादम उद्धवराव बाजारात चपला काढून त्यांच्या पाया पडला.

"उद्धवराव, काल शिव्या कुनाला घातल्या? मला का आईला?"

"चुकलं आई," तो म्हणाला. हमाल तोंड फिरवून हसत होते.

नवरा भिमाजीला मनातून सुटल्यासारखे झाले होते. देवी असेल तर आजार नाही, एवढे त्याला पुरे होते. गोजाबाईंना पुरत नव्हते. आज हात, उद्या पाय गेला तर, हा विचार त्यांना सोडत नसे. त्यांनी मला पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चौकशी करायला सांगितली. घरात हे कळताच सासू भडकल्या. "आईला डाक्टरला दावतीस? घराचं वाटोळं करायचंय व्हय?"

पुढच्या मंगळवारी मी चौकशीचे सांगायला त्यांच्या घरी गेलो, तर ओटी बायकांनी भरून गेली होती. शेजारच्या अंबुबाईंनी पदर पसरला. "आई, आमचा ढवळा बैल सुटून गेलाय. कुठं गावंल?"

"माझ्या हातातला दाभण मला गावंना, तुझा बैल मी कुठनं काढू?"

दोघीतिघी फसकन हसल्या. गोजाबाईंनी हात वर केला. "हसू नगा, ह्यो खड्डा बघा. आई आली तर कायतरी देती. ही माझं मांस नेतीया. असली आई मला नगं."

"तोंड आवर!" सासू ओरडल्या. "कोप व्हईल."

"होऊ द्या. हात माझा चाललाय, कोपबी माझ्यावरच होऊ द्या."

भिमाजी उंबऱ्याशी उभा होता. "आन डाक्टरनं वंगाळ सांगितलं तर?"

"त्यानं न सांगितल्यानं हात भरून येनार हाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याबरोबर एस.टी.त बसल्या. भिमाजी येणार नव्हता. गाडी सुटता सुटता तो धावत येऊन चढला.

डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय ताडकन उडाला. जीभ बाहेर काढायला लावून ते बराच वेळ पाहत राहिले. दंडही पाहिला. मग भिमाजीला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर या."

भिमाजी उठायच्या आत गोजाबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. "सायेब, हात माझा हाय. काय हाय ते माझ्याम्होरं बोला."

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "बाई, अजून नक्की सांगता येत नाही. तपासण्यांसाठी इथे राहावं लागेल. पण साधं दुखणं आहे, असं मला म्हणवत नाही."

भिमाजीने डोळ्यांना उपरणे लावले.

"ऱ्हाते की," गोजाबाई म्हणाल्या. "पन काय निघंल ते आदी मला सांगायचं. ह्यांला काय सांगायचं ते मी बघीन."