मामाचा मीटर पडला तेव्हा

आमचा मामा चार्जर दुरुस्त करतो आणि भांडतो, दोन्ही अगदी मन लावून. वर्कशॉपच्या भिंतीवर त्याने स्वतः रंगवलंय: ‘पडलेला मीटर आधी तपासायला, मग कामाला.’ माझ्या हातून एकदा व्होल्ट मोजायचा मीटर पडला, तर या माणसाने दिवसभर माझं डोकं खाल्लं होतं.

आणि परवा त्याचा लाडका, जुना काटेवाला मीटर त्याच्याच हातून पडला!

“चपलेवर पडला,” मामा म्हणाला. “चपलेवरचं धरत नाहीत.”

“भिंतीवर चपलेचं काही लिहिलेलं नाही,” मी म्हटलं.

त्यात हॉस्पिटलशी जुंपलेली. मामाने दुरुस्त केलेल्या चार्जरवर त्यांच्या बॅटऱ्या फुगत होत्या. मामा म्हणे, बॅटऱ्याच भिकार. त्यांचा इलेक्ट्रिशियन म्हणे, चार्जरच जास्त व्होल्ट देतात. काम हातचं जायची वेळ आली होती, आणि आमचं घर चालतं तेच मुळी त्या कामावर.

पडल्यापासून मीटर बाकीच्या तिन्ही मीटरपेक्षा जास्त व्होल्ट दाखवायला लागला. ते तिघे एका सुरात. असणारच! मामाने ते या लाडक्याशीच जुळवले होते. “घरात मोठा असताना बाहेर कशाला विचारायचं?” हे त्याचं शास्त्र.

“गेला बिचारा,” म्हणत त्याने मीटर शेवटी तपासणीला पाठवला. तिथून निरोप आला: काटा अगदी बरोबर.

मामा उडालाच. “बघ! चपलेवर पडला होता, सांगत नव्हतो?”

मामी शेजारी वायरी सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, मग पडायच्या आधी कसा होता?”

काटा आधीच कुठेतरी अडकून कमी व्होल्ट दाखवत होता, आपटल्यावर सुटला. म्हणजे इतके दिवस सगळे चार्जर चढ्या व्होल्टवरच लावलेले. मला त्याची फार दया आली. हे आम्हा तिघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प बसला असता तरी चाललं असतं.

त्याने हॉस्पिटलच्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला. “बॅटऱ्या चांगल्या आहेत तुमच्या. चूक माझी. सगळे चार्जर पाठवा, फुकट करून देतो.” मग पलीकडचं ऐकून फोन ठेवला.

“काय म्हणाला?” मामीने विचारलं.

“हसला मेला. खूप हसला.”

“आणि काम?”

“राहिलं आपल्याकडेच. पण म्हणाला, मीटर दरवर्षी तपासा, पडायची वाट बघू नका.”

मामा स्टुलावर चढला आणि त्याने भिंतीवरच्या ओळीखाली ब्रशने लिहिलं: ‘न पडलेलासुद्धा.’