गल्लीपलीकडचा प्रिंटर

साऱ्या परभणी जिल्ह्यात एखाद्या प्रिंटरवर आमच्या दाजींइतका जीव लावणारा दुसरा माणूस कोणी दाखवला, तर मानवतच्या भर बाजारात मी त्याला स्वतःच्या हाताने शाल पांघरीन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर तहसीलमध्ये कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर अक्काच्या हट्टापायी आमच्याच गल्लीत, आमच्या दारासमोर घर घेतलं. माहेर उंबऱ्यातून दिसायला पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं. ते सुख तिला जेमतेम तीन वर्षं लाभलं. अक्का गेली, मुलगा पुण्याला, आणि एवढ्या मोठ्या घरात दाजी, दोन जुने कॉम्प्युटर आणि पेटाऱ्याएवढा एक प्रिंटर असे चौघं उरले.

माणूस एकटा पडला की कोणी भजन धरतो, कोणी पत्ते. दाजींनी नेटवर्क धरलं. आधी घरातले दोन्ही कॉम्प्युटर त्या प्रिंटरला जोडले. स्वयंपाकघरातून भाजीची यादी सोडायची, ती बैठकीत छापून निघायची आणि स्वतःच जाऊन आणायची, हा खेळ आठवडाभर चालला. मग त्यांची नजर माझ्या घराकडं वळली. "मास्तर, तुमच्याकडं कॉम्प्युटर हाय, माझ्याकडं प्रिंटर हाय. मधी नुस्ती बारा फुटाची गल्ली. ह्यात अडचण काय हाय, सांगा की!" अडचण दिवाळीच्या सुमाराला समजली. गल्लीवरून ताणलेली वायर कापसाने शिगोशीग भरलेल्या टेम्पोत अडकली आणि माझा कॉम्प्युटर टेबलावरून निघून खिडकीच्या गजांना जाऊन भिडला. दाजी टेम्पोमागं धावत ओरडत होते, "अहो थांबा, आमचं नेटवर्क जायलंय तुमच्यासंगं!" मग त्यांनी बिनतारी राउटर आणला. तो घराच्या मधोमध असावा म्हणून देवघरावर बसवला आणि पुढच्या खंडेनवमीला प्रिंटरसकट त्याची हळदकुंकू वाहून पूजा केली. झेंडूच्या पाकळ्या प्रिंटरच्या पोटात गेल्या. पंधरा दिवस माझ्या शाळेचे कागद पिवळे ठिपके घेऊन निघत होते. हेडमास्तरांनी विचारलंच, "घरी लग्न-बिग्न हाय का काय?"

तर व्यवस्था अशी, की बटण मी माझ्या घरी दाबायचं आणि कागद त्यांच्या बैठकीत निघायचा. पण तो माझ्या हाती सरळ पडेल तर शपथ! दाजी आधी तो वाचणार, जावक रजिस्टरात त्याची नोंद करणार, कोपऱ्यात क्रमांक टाकणार आणि मग टोपी घालून, रजिस्टर काखेत मारून आमच्याकडं येणार. "मिळाला म्हणून सही करा." सही दोन अक्षरांची, पण तिला चहा लागायचा, चहाबरोबर गप्पा, आणि गप्पांत जेवणाची वेळ व्हायची. सहामाहीची प्रश्नपत्रिका आणली की वर शेरा, "तिसरा प्रश्न लय सोपा झालाय. पोरं आळशी व्हायलीत." लेकीच्या लग्नाचा बायोडाटा छापला, तो तांबड्या शाईने दुरुस्त होऊन आला. 'स्वभाव : शांत' ह्याच्यापुढं त्यांनी लिहिलं होतं, 'पुरावा जोडावा'. लेक चार दिवस दाजींशी बोलली नाही, आणि त्या चार दिवसांत तिचा स्वभाव शांत असल्याचा पुरावा मिळाला, असं दाजींचं म्हणणं.

मग माझा रक्ताचा रिपोर्ट आला. मोबाईलवरच आला होता, पण मी सवयीने बटण दाबलं. दाजी त्या दिवशी टोपी न घालताच आले आणि मला ओलांडून थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "वैनी, मास्तरांची शुगर लय वाढली हाय. आजपासून साखरेचा डबा माझ्याकडं." आणि खरोखर डबा घेऊन गेले! दिवस मावळेपर्यंत निम्मी गल्ली माझ्या तबियतीची चौकशी करून गेली. माझं डोकंच फिरलं. रक्त माझं, कागद माझा, आणि वाचणार सारा गाव? त्याच आठवड्यात परभणीला जाऊन मी एक छोटा प्रिंटर घेऊन आलो.

तो जोडायला काही मला येईना. शेवटी दाजींनाच बोलावलं. हे मी कसं करू शकलो, आज माझं मलाच कळत नाही. ते आले, चष्मा चढवला, पाच मिनिटांत प्रिंटर चालू केला. मग माझ्या कॉम्प्युटरच्या यादीतल्या स्वतःच्या प्रिंटरवर बोट ठेवून म्हणाले, "हे काढून टाकतो. न्हाईतर चुकून तिकडं यायचं काहीतरी." आणि काढलं. चहा ठेवला होता, तो न घेताच गेले.

त्यानंतर दाजी येईनात. रुसले असतील, येतील आपोआप, म्हणून मीही बेफिकीर राहिलो. महिन्याभराने फाटकाशी दिसले तेव्हा विचारलं, "काय दाजी, रागावलात का?"

"छे हो! राग कशाचा?" ते म्हणाले. "सासुरवाडी हाय माझी. जावयानं तिथं बिनबोलावता, बिनाकामाचं जाऊ न्हाई, असा रिवाज हाय आमच्यात. तुमची अक्का होती तवा तिच्या मागं मागं यायचो. नंतर कागद असायचा."

एवढं बोलून ते कुंडीला पाणी घालायला लागले. मला कोणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी समजत होतो, हा माणूस कागदाच्या निमित्ताने माझं डोकं खातो. त्याला त्या निमित्ताशिवाय आमच्या घरी पाऊल टाकता येत नव्हतं, हे एवढी पोरं शिकवलेल्या मास्तराच्या ध्यानात आलं नाही.

उन्हाळ्यात मुलगा आला आणि दाजींना पुण्याला घेऊन गेला. फोन करतो मी अधूनमधून. "हितं ज्याच्या त्याच्या खोलीत सगळं हाय मास्तर," ते सांगतात. "मला कुणी काही आणायला सांगत न्हाई. आराम हाय." मी म्हणतो, जपा. दुसरं काय म्हणणार?

म्हणायचं ते त्या दिवशी फाटकाशी म्हणायला हवं होतं. दाजी, कसला रिवाज घेऊन बसलात, चला जेवायला. घरी पोळ्या चालल्या होत्या, हात धरून आणलं असतं तर आले असते. मी नुसतं म्हणालो, "असं होय," आणि पिशवी घेऊन भाजीला गेलो.