आपली गाडी

नोकरीतली अमुक घटना आजही आठवते, असं आम्ही निवृत्त पोलीस मोठ्या अभिमानाने सांगतो. ही घटना मला विसरायची होती. ती जात नाही, म्हणून लिहितो आहे.

मी रत्नागिरीचा, पण वर्दी घातली ती आखातात. नव्वदच्या दशकात बर दुबईच्या बाजूला एका ठाण्यावर तपासाचं काम माझ्याकडे होतं. आपल्याकडचा माणूस पकडला की जबाब मीच घ्यायचो आणि अरबीत मीच लिहायचो. ठाण्यात माझ्या भाषेला मान होता आणि तो माझ्या डोक्यात गेला होता.

एके सकाळी कोकणातल्याच एका व्यापाऱ्याचा मुलगा जाहिरातींचं साप्ताहिक घेऊन आला. वडील ऑपरेशनसाठी मुंबईला गेले होते आणि त्यांची जुनी जर्मन गाडी ड्रायव्हरने परस्पर विकायला काढली होती. "अंकल, सिंपल चोरी आहे," तो म्हणाला. "त्याला आत टाका, खलास."

मी जाहिरात वाचली. त्या पानावरची प्रत्येक गाडी 'नव्यासारखी' होती. हिच्याबद्दल मात्र लिहिलं होतं: साठच्या दशकातली, एकच मालक. मागचा डावा दरवाजा आतून उघडत नाही. दुपारच्या उन्हात इंजिन तापतं. एक मडगार्ड ठोकून सरळ केलं आहे. नुसती मिरवायला हवी असेल त्यांनी फोन करू नये.

इतक्या वर्षांत चोराने मालाचा दोष आधी सांगितलेला मी पाहिला नव्हता. ही गोष्ट तेव्हाच खटकली होती, हे कबूल करतो.

गिऱ्हाईक म्हणून फोन केला. अल मनखूलमधल्या एका इमारतीमागे पन्नाशीचा ड्रायव्हर फडकं घेऊन उभा होता. माझ्याआधी चौघे येऊन गेले होते. लपवाछपवी नसलेल्या जाहिरातीवर लोकांचा विश्वास बसतो. त्याने मला आधी तो बिघडलेला दरवाजाच दाखवला. मी ओळखपत्र काढलं तेव्हा तो घाबरला नाही, उलट गाववाला भेटला म्हणून हसला.

ठाण्यावर मी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, गाडी कोणाची?

"आपलीच, साहेब."

मुलकियावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीकार्डावर, नाव शेठचं होतं. मी अरबीत लिहिलं, 'गाडी माझी आहे असे आरोपी सांगतो.' ज्या घरी उभी हयात चाकरी केली त्या घरच्या वस्तूला आपल्याकडचा माणूस आपलीच म्हणतो, हे मला कोणी शिकवायला हवं होतं काय? माझा बापही खोताच्या बागेला आपली बाग म्हणायचा.

शेठनेच फोनवर विकायला सांगितलं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मुलगा म्हणाला, डॅडी बोलायच्या स्थितीत नाहीत. दुसऱ्याच्या गाडीवर हक्क सांगणारा जबाब हातात असताना इस्पितळात फोन लावायची तसदी मीही घेतली नाही. ड्रायव्हरला अरबी वाचता येत नव्हतं. मी लिहिलंय म्हणून त्याने डोळे मिटून सही केली. शिक्षा थोडकीच झाली, पण नंतर त्याला मायदेशी धाडलं, परत येण्याची बंदी घालून. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

तीन महिन्यांनी शेठ काठी टेकत ठाण्यावर आले. "मीच सांगितलेलं त्याला," ते म्हणाले. "पोराला गाडी फक्त मिरवायला पाहिजे. आपली गाडी चांगल्या माणसाला दे आणि ऐब असतील ते आधी लिही, असं बोललेलो मी." मी वरपर्यंत अर्ज केले. प्रत्येक वेळी तोच जबाब पुढे आला, त्याच्या सहीचा आणि माझ्या अक्षरातला.

निवृत्तीनंतर त्याच्या गावी गेलो. घर विचारलं तर नाक्यावरचा माणूस म्हणाला, "कोण, तो गाडीचोर?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगणात त्याने खुर्ची दिली. बायको बाहेर आली नाही. मी सगळं सांगितलं, कोणता शब्द कसा लिहिला तेही, आणि हात जोडले.

त्याने माझे जोडलेले हात धरून खाली केले. मग म्हणाला, "जाऊ द्या साहेब. चूक आपलीच."

आपली म्हणजे कोणाची? त्याची, माझी की दोघांची? जबाब घेताना हे विचारायचं असतं, एवढं त्या केसने मला शिकवलं. तरी त्या दिवशी विचारायचा धीर झाला नाही.