परत केलेला पेपर

बावीस वर्षं पेपर टाकून मावशींचा हात असा तयार झाला होता की डोकं उशीवर ठेवून आल्या असत्या तरी लाइन पुरी झाली असती. लाइन म्हणजे त्यांची ठरलेली घरं. एके काळी दीडशे होती. मग घरोघरी मोबाइल आले आणि "मावशी, बातम्या फोनवरच कळतात, उद्यापासून नको" हे ऐकून त्यांचे कान किटले. एजंटने स्पष्ट सांगितलं, "पन्नासच्या खाली गेलात तर महिनाअखेर लाइन बंद." उरली होती अठ्ठेचाळीस. मावशी धास्तावल्या. दुसरं कुठलं काम या वयात शिकायचं?

शेवटचा नकार दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. एकटा जीव, पण तक्रारी दहा माणसांच्या. मावशींच्या डोक्याला नकार कळला, हाताला काही कळेना. जादा प्रतींतला एक पेपर रोज सवयीने काकांच्या दाराशी पडायचाच. काका तो जिन्याच्या खिडकीत परत ठेवायचे, वर पेन्सिलीने 'नको' लिहून. आतलं शब्दकोडं मात्र सोडवलेलं असायचं, लबाड कुठले!

एका पहाटे खिडकी रिकामी. कालचा पेपर दाराशी तसाच. हा माणूस कुरकुर करायची सोडेल? शक्यच नाही. मावशींनी बेल वाजवली, दार ठोठावलं. उत्तर नाही. शेजारच्या वहिनी डोळे चोळत बाहेर आल्या.

"अहो, असतील झोपलेले. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर असतात की ते."

"शेवटचं कधी बोलले, बघा बरं."

वहिनींनी फोन चाळला. काल चाळीस जणांनी एकमेकांना शुभ सकाळ म्हटलं होतं. काकांचा मेसेज परवाचा होता. वहिनींचा चेहरा उतरला. त्यांच्याकडे काकांची जादा किल्ली होती. दार उघडलं तर काका बाथरूमच्या दारात पडलेले, खुब्याचं हाड मोडलेलं, पण शुद्धीवर.

त्या आठवड्यात बिल्डिंगमधल्या नऊ घरांनी पेपर परत लावला. "वाचणार, की नुसताच माझ्यासाठी दाराशी ठेवणार?" मावशींनी वहिनींना चिमटा काढलाच. वहिनी ओशाळून म्हणाल्या, "वाचू हो." महिनाअखेर एजंटने आकडा दोनदा पाहिला आणि लाइन बंद करायचं नाव काढलं नाही. मावशींना इतका आनंद झाला की दिवसभर त्या स्वतःशीच हसत होत्या.

काका वॉकर घेऊन घरी आले, तेव्हा मावशी भेटायला गेल्या.

"आदल्या दिवशीच बेल वाजवली असती तर बरं झालं असतं," त्या खंतावून म्हणाल्या. "पेपर टाकला नि गेले तशीच."

"ऐकलं मी," काका म्हणाले. "नुकताच पडलो होतो. तुमच्या चपला जिन्यावर वाजल्या, पेपर पडला. हाक मारायला गेलो, आवाजच फुटेना."

"मग अख्खा दिवस, अख्खी रात्र..."

"म्हटलं, नको सांगून बाई ऐकत नाही. उद्या येणारच."