गालावर पातळ हात

रंगाच्या खोलीत पोचायला ग्लेनिस डेजार्लेला चौदा वर्षं लागली. दोन वर्षं झाडू, सहा वर्षं माझ्या हाताखाली पॉलिशपेपर, सहा वर्षं रंग नको तिथे कागद आणि टेप, आणि मग फवाऱ्याची बंदूक. आमचा कारखाना आगीचे बंब बांधतो. मॅनिटोबा प्रांताच्या सपाट मुलखातलं आमचं गाव त्याच्यावरच उभं आहे. बंबाचा लाल रंग दुरून सगळ्यांचा सारखाच. जवळ दिवा धरला की कोणी मारलाय ते कळतं. ग्लेनिसच्या रंगात दिव्याची नळी सरळ रेघेसारखी दिसते. इतरांच्या रंगात ती थोडी थरथरते.

ती तळ्याकाठच्या मेटी, म्हणजे मूळ रहिवासी आणि गोरे यांच्या मिश्र वंशाच्या लोकांच्या, वस्तीतली. तिचा बाप गोठलेल्या तळ्याला भोकं पाडून बर्फाखाली मासळीची जाळी लावायचा, आणि दहाव्या वर्षापासून ती दुसऱ्या भोकाशी दोर धरून उभी. त्यामुळे उभं राहणं तिला शिकवावं लागलं नाही. सहा वर्षांत मी तिला दोनदा शाबास म्हणालो असेन. दोन्ही वेळा काम तेवढं चांगलं होतं.

अडतिसाव्या वर्षी तिच्या तोंडावर मुरुम आले. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालावर, हनुवटीखाली. नेमके फवारताना घालायच्या मास्कचं रबर बसतं तिथे. दहा तास ते रबर आवळून बसायचं, आत घाम, वर घासणी. फोड फुटायचे, खपली धरायची, दुसऱ्या दिवशी मास्क ती खपली काढायचा.

"काय ग्लेनिस, तारुण्य परत आलं म्हणायचं," टेप लावणारा रोडी जेवणाच्या टेबलावर म्हणाला.

"तुझं काही येत नाही आता. टेप तेवढी सरळ लाव."

ती हसली, पण तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली.

जानेवारीच्या मध्यात कारखान्याच्या नर्सबाईंनी तिचा मास्क हातात घेतला. रबराच्या कडेला रक्त होतं. उघड्या जखमेवर मास्क चालत नाही, आणि खपलीवर रबर नीट बसत नाही. फटीतून त्या रंगाची वाफ छातीत गेली तर माणूस दमा घेऊन कायमचा घरी बसतो. असे दोघे मी पाहिलेत. डोक्यावरून घालायचा हवेचा टोप कारखान्यात एकच होता, आणि तो टाक्या आतून रंगवणाऱ्याकडे.

फोरमन वॉल्टर वाईट माणूस नव्हता. त्याला बंब वेळेवर द्यायचे होते, एवढंच.

"नऊ एप्रिलला मास्कची वार्षिक चाचणी आहे," तो म्हणाला. "पास झालीस तर बंदूक तुझी. नाही झालीस तर मी नवीन माणूस शिकवायला घेतो. तोवर पॅकिंग."

"बारा आठवडे," ती म्हणाली.

"मोजलेस?"

"तू बोलत होतास तेवढ्यात."

पॅकिंग म्हणजे पिशवीत बोल्ट भरायचे. तिकडे गेलेला माणूस रंगाच्या खोलीत परत आल्याचं माझ्या एकतीस वर्षांत मी पाहिलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला अँटिबायोटिक जेलची ट्यूब दिली. रोज संध्याकाळी एकदा, पातळ, तीन महिने. कागदावर तेवढंच होतं. तिने मला विचारलं, आणि इथे चूक माझी. मी म्हणालो, "घासल्याशिवाय आणि पुसल्याशिवाय काहीच धरत नाही." माझ्या धंद्याचा हा पहिला नियम आहे. तेलाचा हात लागलेल्या पत्र्यावर रंग मारा, महिन्याभरात पापुद्रा निघतो.

तिने कामात कधी आळस केला नव्हता, इथेही केला नाही. रोज खरखरीत हातमोज्याने तोंड घासायची, स्पिरिटने पुसायची, आणि मग प्रत्येक फोडावर जेलचा जाड ठिपका ठेवायची. तीन आठवड्यांत गाल भाजल्यासारखे लाल झाले, कातडीचे पापुद्रे सुटले आणि फोड दुप्पट झाले.

"हे औषधच भुक्कड आहे," मी म्हणालो.

"औषध भुक्कड असेल किंवा हात भुक्कड असेल," ती म्हणाली. "आधी हात तपासू."

शनिवारी ती गावातल्या औषधाच्या दुकानात गेली. सल्ला माझा होता म्हणून मीही गेलो. दुकान मेरिविक चालवते. मनिलाची बाई, बुटकी, चष्मा डोक्यावर. तिने ग्लेनिसचा चेहरा उजेडाकडे वळवला.

"रोज काय करतेस ते सांग. एकही पायरी गाळू नकोस."

ग्लेनिसने सांगितलं. स्पिरिटपाशी मेरिविकने डोळे मिटले.

"हे कोणी शिकवलं?"

ग्लेनिसने माझ्याकडे पाहिलं नाही. मीच हात वर केला.

"तुम्ही डॉक्टर?"

"पॉलिशपेपरवाला."

"मग पत्र्यापुरतं बोलत जा, काका. पत्र्याला जखम होत नाही. कातडी घासली की सुजते, सुजली की आणखी फोड." मग ती ग्लेनिसकडे वळली. "कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवायचं. टॉवेलने टिपायचं, चोळायचं नाही. पूर्ण वाळू द्यायचं. मग वाटाण्याएवढं जेल, आणि ते सगळ्या भागावर पातळ. ठिपके नकोत. उद्या येणारा फोड आज दिसत नाही. हे त्याच्यासाठी आहे."

ग्लेनिस म्हणाली, "दाराला ओरखडा पडला तर मी ओरखड्यापुरता रंग कधी लावते का? सबंध दार मारते, एका पातळ हातात."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"दाराचं माहीत होतं."

मेरिविकने ट्यूब उलटी करून दाखवली. आत दोन औषधं होती. एक जंतू मारतं, दुसरं त्या जंतूंना पहिल्याची सवय लागू देत नाही. "म्हणून मनात आलं तेव्हा लावलं, कंटाळा आला तेव्हा सोडलं, असं चालणार नाही. टॉवेल पांढरा वापर, रंगीत असेल तर औषधाने रंग उडून डाग पडतील."

"किती दिवसांत दिसेल?"

"आठ आठवडे. एखाद्याला बारा."

"माझ्याकडे नऊ आहेत."

"त्यातले चार दिवस वजा कर. आधी ही सोललेली कातडी शांत होऊ दे. तोवर फक्त साधं क्रीम."

ते चार दिवस तिला फार जड गेले असतील. काम न करता थांबणं हे तिने आयुष्यात पहिल्यांदा केलं. पाचव्या दिवशी तिने सुरुवात केली.

संध्याकाळी साडेसहाला जेवण, सातला तोंड धुणं, सव्वासातला जेल. फोडाला बोट लावायचं नाही. पॅकिंगच्या टेबलाशी हात आपोआप हनुवटीकडे जायचा, म्हणून ती दिवसभर हातमोजे घालून बसायची. गरजेपेक्षा जास्त श्रम करणं तिला येत होतं. गरजेइतकेच करणं तिने त्या फेब्रुवारीत शिकून घेतलं, आणि माझ्या मते ते अधिक अवघड आहे.

तीन आठवडे झाले तरी फारसा फरक नव्हता. रोडी म्हणाला, "दुप्पट लाव, निम्म्या दिवसांत होईल."

"रंग दुप्पट लावला तर काय होतं रे?"

"ओघळतो."

"मग?"

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी पाहिलं, जुने फोड बसत होते आणि नवीन येत नव्हते. मी बोललो नाही. अर्धवट कामाची तारीफ करायची नसते. शेवटच्या आठवड्यापर्यंत गाल सपाट झाले, फक्त पुसट डाग उरले. वॉल्टर पॅकिंगमध्ये आला तेव्हा तिच्याकडे पाहतच राहिला.

"साफ झालं की. आता कशाला फासतेस रोज?"

"तीन महिने सांगितलेत."

"कोण बघतंय?"

"रबर बघणार आहे."

त्याच आठवड्यात थंडीची शेवटची लाट आली, उणे अठ्ठावीस. लोकरीचा मफलर दोन दिवस हनुवटीला घासला आणि तिथे दोन नवे फोड उठले. चाचणीला तेरा दिवस होते. मी तिच्या जागी असतो तर घाबरून अर्धी ट्यूब चोपडली असती. तिने मफलरला आतून उशीचा जुना सुती अभ्रा शिवला, आणि जेल वाटाण्याएवढंच ठेवलं. दहाव्या दिवशी दोन्ही फोड बसले होते.

नऊ एप्रिलला जेवणाच्या खोलीत चाचणी झाली. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे होतो. वॉल्टरने शिकवण्यासाठी हेरून ठेवलेला नवा माणूस दाराशी होता. नर्सबाई डोक्यावर पारदर्शक पिशवीसारखा टोप घालतात आणि आत कडू फवारा मारतात. आधी मास्कशिवाय, जिभेला कडू लागतं की नाही ते पाहायला; मास्क घातल्यावरही लागलं तर कुठेतरी फट आहे. ग्लेनिसचं तोंड असं वाकडं झालं की रोडी फिस्कन हसला. मग टोप काढून ती पाणी प्यायली, तिने मास्क चढवला, पट्टे ओढले. नर्सबाईंनी कडेवरून बोट फिरवलं. सगळीकडे रबराखाली अखंड कातडी होती.

टोप पुन्हा चढला, फवारा सुरू झाला. दीर्घ श्वास. मान डावीकडे, उजवीकडे. वर, खाली. कमरेतून वाकणं. मग कागदावरचा उतारा मोठ्याने वाचणं, कारण बोलताना जबडा हलतो आणि फट पडायची असेल तर तिथेच पडते. तिने प्रत्येक शब्द तोंड पूर्ण उघडून वाचला. स्वतःला कुठेच सूट दिली नाही.

"कडू?" नर्सबाईंनी विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

आणखी फवारा. आणखी वाचन.

"आता?"

"काही नाही," मास्कच्या आतून आवाज आला. "पुढचं पान द्या."

पुढचं पान नव्हतं. नर्सबाईंनी कागदावर सही केली. ग्लेनिसने टोप काढला, मास्क काढला. चेहऱ्यावर रबराची खूण उमटली होती, नाकापासून हनुवटीपर्यंत, एकसारखी, कुठेही न तुटलेली. ती भिंतीकडे नाही, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. रोडीने टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या. तिसरी शाबास.

"उद्या सकाळपासून ये," वॉल्टर म्हणाला.

"खोलीत बंब उभा आहे ना? टेप लागलेली आहे?"

"आहे."

"मग उद्या कशाला."

तिने मास्क पुन्हा चढवला. नव्या माणसाने बाजूला होऊन तिला वाट दिली. दोन तासांनी मी दिवा घेऊन आत गेलो आणि बंबाची सबंध डावी बाजू तपासली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दिव्याची रेघ सरळ होती.