आरतीच्या वेळी गेलेला लेझर

आमच्या चंदनसारच्या घरात गणपती दीड दिवसाचा. त्या वर्षी बाबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. वाचा गेली होती, पण उजेड हलला की डोळे त्याच्यामागे जात. म्हणून दादाने मखरामागच्या पांढऱ्या पडद्यावर जांभळ्या लेझरचे ठिपके फिरवायचं ठरवलं. मोडक्या डिस्क प्लेअरमधून काढलेला लेझर डायोड एकच होता. त्याला नऊ व्होल्टचा पुरवठा, आणि करंट आवरायला एलईडीची चिप. ती जेमतेम पाच व्होल्ट सोसणारी.

"दुपारभर चालवून पाहिलंय गं," दादा मलाच ऐकवत होता. त्याच्या सर्किटबद्दल बोलणं म्हणजे भांडण विकत घेणं.

ठिपके फिरू लागले आणि बाबांचे डोळेही. तोंडाच्या एका कोपऱ्यात हसू आलं. आईला रडू आवरेना.

आरतीला सजावटीचे दिवे मालवायचे, देवाचं मुख फक्त निरांजनाच्या उजेडात पाहायचं, ही आमच्या घरची रीत. लेझरचं बटण वेगळं होतं. ते फक्त चिपला थांबवायचं, नऊ व्होल्ट मागे चालूच राहायचे. आईने ते दाबलं. विझण्याऐवजी लेझर एकदम भगभगला आणि गेला.

दादाला उलगडा झाला तो विसर्जनाच्या दिवशी. पेटलेला असताना डायोडच बरेचसे व्होल्ट खायचा, चिपच्या वाट्याला थोडेच यायचे. बंद केल्यावर सगळा भार चिपवर आला, ती फुटली आणि मोकाट सुटलेल्या करंटने डायोड जाळला. चाचणी संपली की हा पठ्ठ्या सरळ प्लग उपटायचा, बटण कधी दाबलंच नव्हतं! मध्ये एक ट्रान्झिस्टर हवा होता, जास्तीचा दाब स्वतःवर घेणारा.

दुसरा डायोड मिळायच्या आत गणपती गेले. बाबा कोऱ्या भिंतीकडे बघत राहायचे. ते पाहवत नसे. पितृपक्ष लागायच्या आत तेही गेले.

पुढच्या वर्षी गणपती आणला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दादाने ट्रान्झिस्टर घालून नवा लेझर लावला आणि आईसमोर पुन्हा पुन्हा बंद-चालू करून दाखवला.

"बघ, आता काही होत नाही. चूक माझी होती, आई. तुझी नव्हती."

आरतीला त्याने बटण तिच्यासमोर धरलं. तिने हात पदराखाली घेतला.

"राहू दे चालू," ती म्हणाली. "ह्यांच्या डोळ्यांपुढचा उजेड मी घालवला."

त्या वर्षापासून आमच्याकडे आरतीला दिवे मालवत नाहीत.