जालन्याला नेलेला माझा श्वास

माझा श्वास तपासायला पिंपळगाव रेणुकाईहून जालन्याला जायचं, हे ऐकून सून हसली. खरं तपासायचं होतं ते नातीचं यंत्र. शीतल इंजिनिअरिंगला आहे. बेशुद्ध माणसाला मास्क लावला, की त्याचा श्वास चालू आहे का ते दिव्याने सांगणारी स्वस्त डबी तिने केली. जालन्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या होत्या, "तरण्या पोरांवर चालते. एखादं म्हातारं माणूस आणून दाखव, मग रुग्णवाहिकेत लावून बघू." म्हातारं माणूस घरातच होतं.

भोकरदनपर्यंत शीतल मला डबी समजावत होती. मी रस्त्याकडेची फुटलेली कपाशी बघत होते. राजूरला गाडी थांबली, तेव्हा भाकरी आणि कोरड्यासाला मेथीची भाजी खाल्ली. जेवण झालं की कवळी हिरड्यांना टोचते, म्हणून धुऊन पिशवीत टाकली.

नव्या जालन्यात उतरून रिक्षाने दवाखाना गाठला. मला पलंगावर निजवून मास्क लावला. हिरवा दिवा लागेना. तांबडा लागला आणि डबी कोकलायला लागली.

"आजी, श्वास सोड ना!"

"सोडू राह्यले की! तुझ्या डबीनं जित्तेपणी मारलं मला."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या गालाला बोट लावलं. दात नाहीत, गाल आत गेलेले. मास्कच्या कडेच्या फटीतून श्वास निसटत होता, डबीपर्यंत पोचतच नव्हता.

"कवळी घाल, जल्दी," शीतल कानात म्हणाली.

घातली. दिवा हिरवा झाला. पोरीचा चेहरा फुलला. मी कवळी पुन्हा काढली. तांबडा.

"काहून काढली?"

"रस्त्यात पडलेली म्हातारी कवळी घालूनच पडती का?"

"आजींचं बराबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुरुस्त करून आण, शीतल. तोवर रुग्णवाहिकेत लावता येणार नाही."

परतीच्या एसटीत शीतल खिडकीकडे तोंड करून बसली. मी समजूत काढली नाही. असल्या डबीपायी कुणाची म्हातारी जाण्यापेक्षा हिचं रुसणं परवडलं. राजूर मागे पडल्यावर तिने स्वतःच पिशवीतून मास्क काढून मला लावला आणि माझे गाल दोन्ही हातांनी पुढे ओढून दाबायला लागली. दिवा हिरवा होऊन विझला.

कंडक्टर धावत आला. "आजीला बरं न्हाई का?"

"मला बरं हाय. डबी आजारी हाय."

घरी आल्यापासून ती मास्कच्या कडेला मऊ रबर चिकटवते, कापते, पुन्हा चिकटवते. मास्क लावून बघायला कधी हाक मारेल सांगता येत नाही, म्हणून कवळी वाटीतच असते आणि मी कण्या खाते. जालना काही लांब नाही. पुन्हा जाऊ, बोळक्या तोंडानेच.